विश्लेषण : पद्मिनीचे इंजिन घरी खोलायचे, तर कुठे थांबायचे?

सोलापुरात एखाद्या वाड्याच्या बोळात, बंगल्याच्या पोर्चमध्ये, ताडपत्रीखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी अजून दिसते. वडिलांची असते, नाही तर आजोबांची. विकायला मन होत नाही आणि चालवायला गाडी तयार नसते. मोबाइलवर इंजिन खोलून जोडण्याचे व्हिडीओ बघून मग एखाद्या रविवारी घरातले कोणी तरी पाना हातात घेतेच.

इंजिन खोलणे तितकेसे अवघड नाही. खोलल्यानंतर ते होते तसे जोडायचे की ‘सुधारून’ जोडायचे, हा खरा प्रश्न आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, त्यामुळे काही बदल केल्याशिवाय जुने इंजिन फार काळ सुखाने चालणार नाही. दुसरीकडे बदल जास्त झाले तर नोंदणीचे कागद अडतात. या दोन टोकांमध्ये जागा किती आहे, ते पाहू.

सोलापूर आणि पद्मिनीचे नाते काय?

पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत उतरलेल्या या माणसाने १९४४मध्ये प्रीमियरची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या गेल्या, पुढे फियाट आली. वालचंद १९५३ साली गेले आणि फियाट ११०० भारतात रुळली ती त्यानंतर. तीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४पासून पद्मिनी. उत्पादन नव्या शतकाच्या तोंडावर थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली.

नाते इथेच संपत नाही. सिलिंडर ब्लॉक आणि हेडचे ओतकाम करणारा किर्लोस्कर फेरसचा कारखाना सोलापुरात आहे. जगभरातील मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनीही १९९२पासून इथलीच. हे घाऊक मालाचे कारखाने आहेत, एका पद्मिनीसाठी दार ठोठावण्याची जागा नव्हे. पण अशा उद्योगांभोवती मायक्रोमीटर वाचता येणारी आणि बोअरिंग मशिनवर हात बसलेली माणसे तयार होतात. घरी इंजिन बांधणाऱ्याला शेवटी त्यांच्याकडेच जावे लागते.

हे इंजिन आहे तरी कसे?

चार सिलिंडर, १०८९ सीसी, सुमारे ४० अश्वशक्ती. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ही मापे पद्मिनीचीही नाहीत. फियाटने १९३७मध्ये ‘५०८ सी’ या गाडीसाठी याच मापांचे इंजिन काढले होते. म्हणजे नव्वदच्या दशकात शोरूममधून घेतलेल्या गाडीच्या बॉनेटखालचा आराखडा दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचा होता!

ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये बसतो आणि लांब पुशरॉडच्या मदतीने वरचे व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकशाफ्टला आधार फक्त तीन मुख्य बेअरिंगचा, आजच्या चार सिलिंडरच्या इंजिनांत तो पाच ठिकाणी असतो. कंप्युटर नाही, सेन्सर नाही. जे बिघडते ते डोळ्यांना दिसते, कानाला ऐकू येते किंवा मापात सापडते. अभियांत्रिकीच्या अभ्यासात इंजिनाचे सगळे भाग पाठ असूनही जे नीट कळले नव्हते, ते या इंजिनासमोर अर्ध्या दिवसात कळते, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

आजची बाराशे सीसीची साधी गाडी याच्या दुप्पट ताकद देते. तिथे प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असतात, इंधन मोजून फवारले जाते आणि कॉम्प्रेशन रेशो बराच जास्त असतो. पद्मिनीचा कॉम्प्रेशन रेशो त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलला झेपेल एवढाच ठेवलेला होता. हा फरक लक्षात ठेवा, सुधारणेच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

खोलण्याआधी काय तपासायचे?

बरेच जण इथेच घाई करतात. निळा धूर दिसला की ‘रिंगा गेल्या’ म्हणून इंजिन खाली उतरवले जाते. पण धूर कधी येतो ते आधी पाहायला हवे. जोर देताना सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगांवर आणि सिलिंडरवर. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर भपकन धूर निघत असेल, तर तेल बहुधा व्हॉल्व्ह गाइडमधून उतरते आहे. दुसऱ्या दुखण्याला फक्त हेड काढले तरी पुरते.

मग कॉम्प्रेशन गेज. चारही प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलिंडरचा दाब घ्यायचा. ज्याचा आकडा कमी येईल त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचे. आकडा वर चढला तर रिंगांमधून गळती आहे, कारण तेलाने फट तात्पुरती बुजवली. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट फुटले आहे. शेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकदम पडलेले असतील तर गॅस्केटवरच बोट ठेवा. या अर्ध्या तासाच्या चाचणीने कधी कधी अख्ख्या महिन्याचे काम वाचते.

खोलताना

बॅटरीची तार आधी काढायची, टाकीतले पेट्रोल रिकामे करायचे. गाडी फक्त जॅकवर उचलून खाली शिरायचे नाही, घोडी लावायची. इंजिन साखळी-कप्पीने उतरवायचे आणि कप्पी टांगलेली तुळई वाड्यातली असेल तर ती आधी नीट बघून घ्यायची. जुन्या क्लचच्या आणि पॅकिंगच्या भुकटीत अॅस्बेस्टॉस असू शकते. ती हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आजच्या पिढीला एक फायदा मात्र आहे. आधीच्या मेकॅनिकची सगळी मदार स्मरणशक्तीवर असायची, आपल्या खिशात कॅमेरा आहे. प्रत्येक वायर, प्रत्येक नळी काढण्याआधी फोटो घ्या. पुशरॉड, टॅपेट आणि व्हॉल्व्ह ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने ठेवायचे असतात, कारण वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून त्यांची जोडी जमलेली असते. पुठ्ठ्याला आठ भोके पाडून त्यात पुशरॉड खोचले की काम झाले. मी पहिल्यांदा एका पद्मिनीच्या कामाला हात लावला तेव्हा ते सगळे एकाच रॉकेलच्या डब्यात बुडवले होते. स्वच्छ निघाले, पण कोणता कुठला ते कळेना. नंतर टॅपेटचा आवाज कित्येक दिवस गेला नाही.

हेड उतरवताना इंजिन पूर्ण थंड हवे. अॅल्युमिनियम गरम झाल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगते. हेड ४० सेंटिमीटर लांबीचे धरले आणि तापमान ७० अंशांनी वाढले, तर अॅल्युमिनियम साधारण ०.६ मिलिमीटर लांबते आणि खालचा बिडाचा ब्लॉक ०.३ मिलिमीटर. दोन्हीमध्ये दाबलेले गॅस्केट हा फरक रोज सोसत असते. गरम हेडचे नट कसेही सैल केले की ते वाकते. वाकलेले हेड सरळ पट्टी आणि फीलर गेजने ओळखता येते, पण दुरुस्ती फेसिंग मशिनवरच होते.

कोणते काम घरी, कोणते वर्कशॉपमध्ये?

खोलणे, धुणे, मोजणे आणि जोडणे घरी होते. कापणे आणि घासणे वर्कशॉपमध्ये. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग आणि व्हॉल्व्ह सीट बसवणे ही कामे घरी करण्याचा हट्ट धरू नये. सिलिंडरच्या बोअरमध्ये ड्रिलला लावलेला स्वस्त होन फिरवून ‘नवे’ केल्याचे व्हिडीओ भरपूर आहेत. त्याने भिंतीवरची गुळगुळीत चमक जाते, पण सिलिंडर अंडाकृती झाला असेल तर तो तसाच राहतो.

सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजायचा. झीज सर्वांत जास्त वरच्या बाजूला असते, कारण तिथे स्फोटाचा दाब आणि उष्णता जास्त आणि तेल कमी. झीज मर्यादेबाहेर असेल तर बोअर वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन बसवावे लागतात. पिस्टन आधी हातात घ्या, ते मोजा आणि मगच बोअर करायला द्या. उलट क्रमाने काम केले आणि त्या मापाचा पिस्टन मिळालाच नाही, तर ब्लॉक निकामी. मुंबईत हजारो टॅक्सी होत्या तोपर्यंत पद्मिनीचे सुटे भाग पानपट्टीवर सुपारी मिळावी तसे मिळत. टॅक्सी गेल्या आणि ती बाजारपेठही आटली.

जोडताना लागते ते तेल, स्वच्छता आणि टॉर्क पाना. नवी रिंग सिलिंडरमध्ये एकटी ढकलून तिच्या टोकांमधली फट मोजायची. ६८ मिलिमीटरच्या बोअरला ढोबळमानाने पाव मिलिमीटरच्या थोडे वर. फट त्याहून बारीक असेल तर गरम झाल्यावर टोके भिडतात आणि रिंग तुटते. बेअरिंगच्या कॅप जिथल्या तिथे आणि ज्या दिशेने होत्या त्याच दिशेने. हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

इथेनॉलचे काय?

आता मूळ अडचणीकडे. सोलापूर हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा जिल्हा आहे आणि कारखान्यांच्या डिस्टिलरीतून निघणारे इथेनॉल तेल कंपन्यांकडे जाते. म्हणजे सोलापूरच्या माणसाने उभारलेल्या कंपनीचे इंजिन आणि सोलापूरच्या उसाचे इंधन! पण दोघांचे पटत नाही. देशात एप्रिल २०२३पासूनच्या नव्या गाड्या २० टक्के इथेनॉल सोसणारे साहित्य वापरून बनू लागल्या. पद्मिनीच्या वेळी हा विषयच नव्हता.

पहिला त्रास रबराचा. जुन्या पेट्रोलच्या नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरच्या सुईखालची सील इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, चिरतात. गरम इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. इंजिन खोललेच आहे तर या सगळ्या वस्तू इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालणे हा चैनीचा भाग नाही.

दुसरा त्रास पाण्याचा. इथेनॉल हवेतली ओल शोषते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की ओलसर इथेनॉल टाकीच्या आणि कार्बोरेटरच्या तळाशी बसते आणि धातू खाते. गाडी बरेच दिवस वापरायची नसेल तर पेट्रोलचा पुरवठा बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालवावे. शिवाय टाकीत वर्षानुवर्षे साचलेला चिकट थर इथेनॉलने सुटतो आणि जेटमध्ये अडकतो. म्हणून पहिल्या काही टाक्यांपुरता तरी पारदर्शक फिल्टर हवाच.

तिसरा त्रास मिश्रणाचा, आणि त्याबद्दल बोलले कमी जाते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ किलो. वीस टक्के मिश्रणाला म्हणून साडेतेराच्या आसपास लागते. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटर ओळखत नाही. तो जुन्याच हिशेबाने इंधन सोडतो, मिश्रण पातळ पडते आणि इंजिन तापते. मेचे सोलापुरी ऊन त्यात भर घालते. उपाय मेन जेटचा. इंधन आठ-नऊ टक्के वाढवायला भोकाचा व्यास जेमतेम चार टक्के वाढावा लागतो. १.२० मिलिमीटरचे भोक असेल तर १.२५ पुरते. ड्रिल घेऊन भोक मोठे करू नका. तयार जेट विकत घ्या, जुना डबीत जपून ठेवा आणि बदल केल्यावर प्लगचा रंग पाहा. पांढराफटक म्हणजे अजून पातळ, काळा काजळीचा म्हणजे जास्त झाले, फिकट तपकिरी म्हणजे जमले.

इथेनॉलची एक जमेची बाजूही आहे. त्याचा ऑक्टेन जास्त आहे, त्यामुळे जुन्या इंजिनात ‘नॉकिंग’ कमी होते. हेड फेसिंगमध्ये कॉम्प्रेशन किंचित वाढले तर या इंधनाला ते चालते. अर्थात हे निमित्त करून हेड वाट्टेल तेवढे घासू नये, तीन बेअरिंगच्या क्रँकलाही काही मर्यादा आहेत.

मग सुधारणा कोणत्या कराव्यात?

माझ्या मते, टिकाऊपणा वाढवणाऱ्या कराव्यात आणि वेग वाढवणाऱ्या सोडून द्याव्यात. पॉइंट-कंडेन्सर काढून डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावता येते, बाहेरून काही दिसतही नाही. देशात १ फेब्रुवारी २०००पासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते. शिशाचा थर व्हॉल्व्हच्या सीटला वंगणासारखा जपत असे, तो गेला. म्हणून हेड वर्कशॉपला जातेच आहे तर कडक धातूच्या एक्झॉस्ट सीट बसवून घ्याव्यात.

रेडिएटर उघडून साफ करणे, हे दिसायला सुधारणा नाही, पण सोलापुरात सर्वांत मोठी सुधारणा तीच. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले गेल्याने ब्लॉकच्या आतल्या जलमार्गांत क्षाराचे थर बसलेले असतात. ब्लॉकच्या बाजूचे गोल प्लग ठोकून काढले की तिथून अक्षरशः चमच्याने गाळ निघतो. पुढे कूलंट शुद्ध पाण्यातच मिसळावा. उन्हाळ्यात टॅक्सीवाले पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळत, ते वेड नव्हते. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी सिग्नलला बंद पडते.

वेगळा कॅम, मोठा किंवा जोड कार्बोरेटर, चार-दोन अश्वशक्ती जास्त, हे सगळे कागदावर शक्य आहे. पण ब्रेक आणि सस्पेन्शन त्याच जुन्या गाडीचे राहतात. दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवण्याचा मोह तर सर्वांत घातक आणि तो कायद्यातही अडकतो.

आरटीओ काय म्हणते?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हीच भूमिका उचलून धरली. त्याच क्रमांकाचा ब्लॉक ठेवून रिंग, पिस्टन, बेअरिंग बदलणे ही दुरुस्ती असते. अर्ध्या मिलिमीटरच्या ओव्हरसाइझने १०८९ सीसीचे १,१०५ होतात, तीही झिजलेल्या सिलिंडरची दुरुस्तीच. वेगळे इंजिन बसवणे हा मात्र बदल आहे आणि आरटीओच्या परवानगीशिवाय तो केला तर विमा कंपनीलाही दावा नाकारायला कारण मिळते.

‘व्हिंटेज’ नोंदणी करू, असे अनेक जण सांगतात. केंद्राने जुलै २०२१मध्ये आणलेल्या या नियमांत ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी बसतात. पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये लागतात, पुनर्नोंदणीला पाच हजार आणि मुदत दहा वर्षांची असते. पण दोन अटी नीट वाचा. गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा. १९७४-७५च्या पद्मिनीवाल्याने म्हणूनच काढलेला प्रत्येक मूळ भाग कार्बोरेटरसकट जपून ठेवावा. नव्वदच्या दशकातल्या गाडीला हा दरवाजा अजून उघडलेलाच नाही. तिला नेहमीचाच रस्ता, म्हणजे दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि राज्याचा पर्यावरण कर. १५ वर्षांवरील मोटारींचे नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२पासून पाच हजार झाले आणि २०२५मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार केले गेले. पीयूसीत २०००पूर्वीच्या पेट्रोल मोटारीला तीन टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. जेट नीट बसवलेले, रिंगा धरलेले इंजिन या परीक्षेत सहसा अडत नाही.

पहिल्यांदा सुरू करताना

प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवा, ऑइलचा दाब दिसू लागला की मगच प्लग लावा. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर सुरू झाल्यावर वीसेक मिनिटे दोन हजारांच्या आसपास फेरे ठेवा, आयडलवर सोडू नका. या सपाट टॅपेटना जस्ताचे प्रमाण जास्त असलेले ऑइल लागते, आजच्या गाड्यांसाठीच्या बऱ्याच ऑइलमध्ये ते कमी केलेले असते. पहिले ऑइल लवकर बदला. काढलेले काळे ऑइल गटारात नाही, कॅनमध्ये भरून जुने ऑइल घेणाऱ्याकडे द्या. पाचशे किलोमीटरनंतर थंड इंजिनावर हेडचे नट आणि टॅपेटची फट पुन्हा तपासा.

आणि ब्लॉक रंगवायचा असेल तर इंजिन नंबरावर आधी टेप लावा. तपासणीच्या दिवशी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली जाते, तेव्हा आकडे उठले पाहिजेत.